अहो, थांबा

बोल्ट तुटायच्या आधी सैल लागतो. आपण पाना ओढत असतो, जोर वाढत असतो, हाताला विरोध जाणवत असतो, आणि एकाएकी पाना पातळ गुळात फिरावा तसा पाव फेरा मऊ सरकतो. नवख्याला वाटतं, बसला बुवा एकदाचा. जाणत्याला कळतं, गेला. त्या रविवारी नवखा मी होतो, जाणते माझे सासरे, आणि आमच्या दोघांमध्ये चौदा वर्षांचं अहो-जाहो. त्यांनी तो मऊपणा माझ्या मनगटात पाहिला असणार, कारण ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "अहो जावईबापू, जरा थांबता का, मला वाटतं की..."

एवढं अदबशीर वाक्य पूर्ण व्हायच्या आत बोल्ट तुटला होता.

गाडी म्हणजे आमची स्प्लेंडर. हीरो आणि होंडा यांची फारकत होऊन दशक उलटलं, पण आमच्या टाकीवर दोघांची नावं अजून एकमेकांना चिकटून आहेत. 97.2 सीसीचं इंजिन, जवळजवळ आडवं झोपलेलं. वीस वर्षांत तिने काही मागितलं नाही, म्हणून आम्हीही काही दिलं नाही. या पावसाळ्याच्या तोंडाला मात्र ती वाजायला लागली. टिक-टिक-टिक. सकाळी जास्त, मग कमी, चढाला पुन्हा जास्त.

जुनी गाडी वाजली की नाशिकमध्ये निदान करायला डॉक्टर लागत नाही. वॉचमन म्हणाला टॅपेट. दूधवाला स्वतःची गाडी बंद न करता म्हणाला, "टॅपेट वाजतायत, साहेब." मिसळीच्या दुकानाबाहेर गाडी लावताना एका अनोळखी माणसाने नुसती मान हलवली आणि बोटाने इंजिनाच्या डोक्याकडे दाखवलं. इतक्या लोकांचं एकमत झाल्यावर मी कशाला वेगळा विचार करू? शिवाय गॅरेजचा अनुभव ताजा होता. कुठलं ते सांगत नाही; तिथल्या पोराने मागच्या वेळी फट मोजायच्या पात्या, म्हणजे फीलर गेज, न लावता, नुसतं कानाने टॅपेट लावून दिले होते आणि पैसे मात्र पूर्ण घेतले होते. तेव्हा ठरवलं, हे काम आपण घरी करू. मी बँकेत आहे. आमच्याकडे एक पैचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत बसून शोधतात. मला मिलिमीटरचा शंभरावा भाग जड जाणार नाही असं वाटलं.

टॅपेट लावणं म्हणजे काय, तर फट ठेवणं. हवा आत घेणाऱ्या किंवा धूर सोडणाऱ्या झडपेचं, म्हणजे व्हॉल्व्हचं, देठ आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात, इंजिन थंड असताना, अगदी बारीक फट असावी लागते. गाडी तापली की देठ लांबतं. फट असली तर त्याला लांबायला जागा मिळते. नसली तर रॉकर त्याला जरासा दाबूनच धरतो, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि दाब तिथून निसटतो. धुराकडचा व्हॉल्व्ह तर टेकतो तेवढ्या वेळातच आपली बरीचशी उष्णता बैठकीला देऊन टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर जळतो. उलट फट जास्त झाली तर आवाज येतो, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, ठोके बसून झीज होते, पण गाडी तुम्हाला घरी आणते. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 2500 वेळा उघडून मिटतो, आणि दर वेळी ती फट भरते आणि पुन्हा पडते. (इथे नात्यांमधल्या फटीवर दोन परिच्छेद लिहिण्याचा मोह होतो. हात आवरतो.)

हे सगळं मला आज माहीत आहे. पहिल्या रविवारी एवढंच माहीत होतं की आवाज बंद झाला पाहिजे.

पाथर्डी फाट्याच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी एकट्याने काम काढलं. मॅग्नेटच्या झाकणावरची दोन गोल बुचं नाण्याने फिरवून काढली, इंजिन हळूहळू फिरवत आतली 'टी' खूण खिडकीत आणली, वरचं आणि खालचं टॅपेटचं झाकण उघडलं. इथे एक गंमत आहे. 'टी' खूण दर फेऱ्याला येते, पण दोन फेऱ्यांतून एकदाच ती आपल्या कामाची असते. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. दुसऱ्या वेळी खूण तीच, पण रॉकर ताठ. मला हे वाचून ठाऊक होतं, तेवढं बरोबर केलं. पुढे फीलर गेजची पाती घालून स्क्रू फिरवला, लॉकनट आवळला, गाडी चालू केली. टिक-टिक-टिक. पुन्हा उघडलं, फट थोडी कमी केली. टिक-टिक. तिसऱ्यांदा पाती आत जायला कुरकुरत होती, तरी जबरदस्तीने घातली. आवाज तसाच. मनात म्हटलं, नवीन गेज खराब असेल.

पुढच्या शनिवारी बायकोला घेऊन त्र्यंबकला गेलो. जाताना गाडी ठीक. येताना पेगलवाडीच्या आसपास दम गेला, मग फटफट करून बंद. किक मारली तर पाय विनाअडथळा खाली. एरवी जो उलटा जोर पोटरीला जाणवतो तो नाहीच. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं भाजत होते. दोन खाल्ली, अर्धा तास ढग अंजनेरीवर चढताना पाहिले, इंजिन निवलं, आणि तीच गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. बायको म्हणाली, "अण्णांना विचारलं असतंत तर?"

तिचे वडील म्हणजे अण्णा. सातपूरच्या एका लहान कारखान्यात, टूलरूममध्ये एकतीस वर्षं. मायको सर्कलवरून सायकलने, मग स्कूटरने, रोज तीच वाट. ज्या गावातली मोठी कंपनी डिझेल इंजिनांचे नोझल बनवते, तिथल्या आसपासच्या छोट्या वर्कशॉपमध्येही माणसं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बोलतात. अण्णा लग्नाच्या वाटाघाटीतही म्हणाले होते म्हणे, "दहा मायक्रॉन इकडे तिकडे चालेल." माझ्याशी मात्र ते कधी असं बोलले नाहीत. जावई म्हणजे अधिक महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे द्यायचा माणूस. त्याच्या हातातला पाना कसा काढून घेणार? आमच्याकडे एकदा नळ गळत होता आणि मी वायसर उलटा बसवला, तेव्हाही ते शेजारी उभे राहून हवामानावर बोलत होते.

त्या रविवारी त्यांच्या सिडकोतल्या घरी गाडी नेली, कारण तिथे अंगण आहे. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. काळा चष्मा लावून ते तुळशीजवळ खुर्ची टाकून बसले, एखाद्या राजकीय पुढाऱ्यासारखे. म्हणजे हात माझे आणि डोकं त्यांचं, अशी सोय दैवानेच केली होती.

त्यांनी आधी गाडी चालू करायला सांगितली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला लाव, असं त्यांना म्हणायचं होतं, म्हणाले, "मूठ कानाला लावून बघता का?" वर लावली, खाली लावली. टॅपेटच्या झाकणांवर आतला आवाज गुळगुळीत, शिवणयंत्रासारखा. टिक-टिक मात्र झाकणावर नव्हतीच, ती कुठेतरी खाली हवेत होती. "बंद करा. निवू द्या." मग म्हणाले, "आता सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या डोक्याला जिथे मिळतो तिथे बोट फिरवा. गार आहे ना? फिरवा." बोट काळं झालं. काजळी.

टॅपेट कधी वाजतच नव्हते. पाइपच्या तोंडाचं पॅकिंग गेलं होतं आणि प्रत्येक स्फोटाचा धूर त्या फटीतून टिचकी मारून बाहेर पडत होता. थंडीत फट मोठी म्हणून सकाळी आवाज जास्त, तापल्यावर धातू फुगून फट मिटते म्हणून कमी, चढाला दाब वाढतो म्हणून पुन्हा जास्त. सगळं गाव टॅपेट म्हणालं आणि मी दोन शहाण्या टॅपेटांचा गळा आवळून बसलो होतो. पेगलवाडीला ते बिचारे गुदमरले.

अण्णांनी ट्रंकेतून स्वतःचा फीलर गेज आणवला. तेलकट फडक्यात गुंडाळलेला, पात्या निळसर. सगळ्यात बारीक पाती 0.05 मिलिमीटरची, साधारण डोक्याच्या केसाएवढी. नाशिककराला माप म्हणजे दुतोंड्या मारुती: गोदेचं पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, की पूर किती ते पंचवटीत सगळ्यांना कळतं. आकडा कुणी विचारत नाही. अण्णांचं तसंच होतं. आकडा पातीवर कोरलेला, पण ते म्हणाले, "सकाळी दाराच्या कडीत खोचलेला पेपर ओढता ना, तेवढी अडली पाहिजे. सुळकन येते तर सैल. फाटेल असं वाटलं तर आवळ." मी लावली. लॉकनट आवळला. "आता पुन्हा बघा." पाहिली तर पाती येईना. नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर केसभर फिरतो, हे कुठल्याही व्हिडिओत मला दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल आणि मी चहा घेत असेन. स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा, आणि तरी शेवटी पुन्हा मोजायचं. चौथ्या खेपेला पेपर कडीतून निघावा तशी पाती निघाली. ती ओढ अजून माझ्या चिमटीत आहे.

इथवर छान चाललं होतं. राहिलं होतं फक्त पॅकिंग बदलणं: दोन नट, दहाचा पाना, पाच मिनिटं. पण मला वाटलं, आधी नट थोडे आवळून तर बघू, कदाचित तेवढ्यानेच भागेल. स्प्लेंडरच्या इंजिनाचं धुराचं तोंड खाली, पुढच्या चाकाच्या मागे. वीस पावसाळ्यांचा चिखल तिथल्या दोन स्टडवर, म्हणजे इंजिनात रुतवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांवर, बसलेला. नट हलेना. मी पान्यात फूटभर पाइप घातला. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला साधारण पाच किलोचा जोर. पाइप घातल्यावर तोच हात दुप्पट होतो आणि हाताला ते कळत नाही. मग तो पातळ गूळ. मग "अहो जावईबापू, जरा थांबता का."

स्टड इंजिनाच्या डोक्याच्या अगदी सपाटीला तुटला. पकडायला मिलिमीटरही बाहेर नाही. सासूबाई दारातून म्हणाल्या, "झालं का?" अण्णा म्हणाले, "होतंय."

पुढची पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मी मोबाइलवर वाचलेलं ज्ञान पाजळलं: इझी आऊट आणू का? म्हणजे बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलट्या आट्याची कडक काडी घालायची आणि पिळायची. अण्णांनी पहिल्यांदा काळा चष्मा काढला. "ज्या बोल्टला पाना हलवू शकला नाही, त्याला ही दाभणाएवढी काडी हलवणार? ती आत तुटली की मग तिच्यात ड्रिलही शिरत नाही. पोलाद असतं ते, काचेसारखं." टूलरूममध्ये अशा तुटलेल्या काड्या काढण्यात त्यांचे किती शनिवार गेले हे त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

मग टाकी काढली, कार्बोरेटर रिकामा केला, बॅटरी काढली आणि गाडी जुन्या गादीवर आडवी निजवली, की तुटलेला स्टड समोर यावा. नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूला जाऊन पाच मिलिमीटरपर्यंतची बिटं, आटे पाडायचा सहाचा टॅप, नवे स्टड, पॅकिंग आणि पितळी नट आणले. पितळी नट अण्णांचा हट्ट; पितळ पोलादावर तसं गंजून बसत नाही, पुढच्या वेळी सुटतं. तुटलेलं तोंड आधी लहान कानशीने सपाट केलं. मग मध्यावर पंच. मी पंच धरला, डोळा मिटला, एक घाव. मला तो मध्यावर वाटला.

अडीच मिलिमीटरचं बिट लावून ड्रिल सुरू केलं. तेलाचा थेंब, हलका धूर, चकाकणारा कीस. पोलाद कडक आणि भोवतीचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे बिटाला सतत मऊ बाजूला घसरायची ओढ असते, उतारावर पाणी जावं तशी. मी ते बघत होतो पण मला दिसत नव्हतं. अण्णांना आठ फुटांवरून, एका डोळ्याने, दिसलं.

"अरे थांब! थांब म्हणतो ना! वाकडं चाललंय तुझं!"

ड्रिल थांबलं. अंगणही थांबलं. बायको दारात आली, सासूबाई तिच्या मागे. चौदा वर्षांत अण्णांनी मला अरे म्हटलेलं नव्हतं. त्यांनाही ते ऐकू आलं असणार. त्यांचा हात चष्म्याकडे गेला, पण त्यांनी तो लावला नाही. खुर्चीवरून उठले, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कमरेत न वाकता सरळ गुडघ्यांवर बसले, आणि माझ्या हातातला पंच काढून घेतला.

"हे बघ. भोक अजून खोल नाही. ज्या बाजूला न्यायचंय, त्या भिंतीवर पंचाने खाच मार. बिट खाचेकडे ओढलं जातं. मार. एवढी नको. हां." मी मारली. बिट पुन्हा लावलं, आणि ते खरंच वळलं, बैल कासरा ओढल्यावर वळतो तसं. अडीचनंतर साडेतीन, मग पाच. मध्ये मध्ये थांबून कीस फुंकायचा. "जोर नको लावू, त्याला खाऊ दे." पाचचं भोक पूर्ण झालं तेव्हा बोल्टचं आतलं हाड गेलं होतं आणि नुसती साल आट्यांत चिकटून राहिली होती. मग सुईसारख्या टोकाने ती साल एका जागी उचकटली, चिमट्यात धरली, आणि ओढली. वीस वर्षांचा गंज आणि हट्ट, बॉलपेनच्या स्प्रिंगसारखी वळी वळी होत, बोटभर लांब बाहेर आली. इतकं समाधान मला बँकेत ताळेबंद जुळल्यावरही झालेलं नाही.

एका बाजूला ॲल्युमिनियम किंचित खरवडलं होतं. अण्णांनी नख फिरवून पाहिलं. "चालेल." मायक्रॉन किती ते बोलले नाहीत.

टॅप फिरवायला त्यांनी मला दिला, पण त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना आत तुटणाऱ्या किसाचा बारीक 'कट' हाताला कळतो. तो आला की पुन्हा पुढे. एकदा मी पुढेच जात राहिलो, तर मनगटावर टिचकी बसली. बोलणं नाही, नुसती टिचकी. मी मागे आलो. 'कट'.

नवा स्टड, पॅकिंग, पितळी नट. यावेळी पाइप नाही, वीतभर पाना आणि तोही अर्ध्यात धरून. आवळता आवळता मी स्वतःच थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते तुळशीकडे बघत होते.

गाडी उभी केली, किक मारली. टिचकी गेली होती. तिच्याखाली, आधी कधी लक्ष दिलं नव्हतं असा एक हलका, सुखी खडखडाट होता. हे खरे टॅपेट.

जेवताना अण्णा पुन्हा अण्णा झाले. "जावईबापू, भाजी घ्या. काही घेतच नाही तुम्ही." बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी आमटीत पाहिलं. निघताना त्यांनी फीलर गेज फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. त्यावर काही म्हणाले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तो कशाला देताय?" तर म्हणाले, "मला कुठे वाकायचंय."

गुरुवारी सकाळी फोन. मी दात घासत होतो.

"किती वाजतायत?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पावणेसात, अण्णा."

"अरे, टॅपेट!"

"थोडे वाजतायत."

"वाजू दे. आणि गेजला तेल लावून ठेव. गंजेल तो."